नाव विचारणारे शिंपीचाचा

बाईचं नाव ऐकल्याशिवाय शिंपीचाचा पोलकं शिवायला घेत नसत. काळेवाडीत तेव्हा बायका परक्यापुढे स्वतःचं नाव उच्चारत नसत. मी मापाचं पोलकं पुढे सरकवून म्हटलं, "बाळूची आई."

"पोलकं बाळूच्या आईचं म्हणून शिवू, का तुमचं म्हणून?"

शेजारची गंगूबाई खळखळून हसली. "सांग की गं, नाव काय चोरीचं हाय?"

मी पदर तोंडाला लावून सांगितलं, "यमुना."

चाचा निजामाच्या मुलखातून आलेले. आमच्या ओसरीवर मशीन टाकून दोन वर्षं राहत होते. शिवता शिवता सांगत, "भाभी, मी निजामाविरुद्धच्या सभेला गेलो म्हणून त्याच्या माणसांनी मारलं. ते राज्य पडलं, तर मी मुसलमान म्हणून गावच्यांनी दुकान जाळलं. आता राज्य करणाऱ्यानं मला एकदा विचारावं, तुला कोण हवं, बस्स."

पहिल्या मतदानाच्या याद्या होऊ लागल्या. बायका कारकुनालाही 'अमक्याची आई' एवढंच सांगत. अशी नावं कटतील म्हणून चाचा दारोदार फिरले. "पोलक्यासाठी मला सांगितलंत, तेच त्याला सांगा." लाजत लाजत आम्ही सांगितलं.

मग चाचांच्याच नावावर कुणीतरी हरकत घेतली. म्हणे हा बाहेरचा, कालपरवा आलेला. चावडीवर हरकती ऐकायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे इथं राहतात असं कोण सांगेल?"

आमचे हे खडकीच्या कारखान्यात कामावर. बाकीचे पुरुष खाली मान घालून बसले. मी बायकांत, दाराशी उभी. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. गंगूबाईनं कोपर मारलं, "बोल की! तुझ्याच वसरीला ऱ्हातो ना?" एक शब्द पुरला असता. पण एवढ्या पुरुषांपुढे माझं तोंड उघडलं नाही. साहेबांनी नाव खोडलं.

वाटेत मी म्हटलं, "चाचा, चुकलं माझं."

"तुमचं नाव आहे ना यादीत? मग झालं."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मतदानाला त्यांनीच आम्हाला शाळेपर्यंत नेलं आणि फाटकाबाहेर थांबले. मी परत आले तशी विचारलं, "आत कसं असतं, भाभी?"

"पडदा लावलाय. मागं पेट्या, पेटीवर ज्या त्या पक्षाचं चित्र."

"कुणी बघतं?"

"न्हाई चाचा. कुणी न्हाई."

"कुणीच नाही? वा!" आणि त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

पुढची यादी होण्याआधीच चाचा मशीन घेऊन मुंबईला गेले. तिथे त्यांच्यासाठी कुणी बोललं का, हे मला कधी कळलं नाही.