मळीचा वास
परवा श्रीपूरच्या बाजूला कारखान्यात उसाचं गाळप सुरू झालं, मळीचा आंबूस वास आमच्या शेतातल्या दोन खोल्यांपर्यंत आला आणि पुण्याच्या त्या बाई आठवल्या. तेव्हा सुट्टीला येणाऱ्यांसाठी खोल्या बांधून आमचं पहिलंच वर्ष होतं. त्या म्हाताऱ्या वडलांना घेऊन आल्या आणि दोन दिवस नाकाला ओढणी लावूनच वावरल्या. "हा वास कसा सहन करता तुम्ही?" असं जेवतानाही विचारायच्या. वडील उसाकडं तोंड करून ओट्यावर बसायचे. हे पाहुणे काही परत येत नाहीत, असं मी धरूनच चालले. आमचे हे म्हणाले, "उन्हाळ्यात बोलव की त्यास्नी. तवा कारखाना बंद असतोय." म्हणून एप्रिलमध्ये मी हौसेनं फोन केला. "ताई, आता या. वास अजिबात न्हाय." त्या म्हणाल्या, "मग नको. कारखाना सुरू झाला की कळवा. बाबांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली. घरी त्यांना झोप लागत नाही, तुमच्याकडे लागली." मी नुसतं "बरं" म्हणाले. दिवाळीनंतर दोघं आले. बाईंच्या नाकाला ओढणी होतीच, कुरकुरही तीच. मी माफी मागावी की खूश व्हावं, हे काही कळेना. निघताना त्यांनी पुढच्या वर्षासाठीही खोली सांगून ठेवली. हल्ली नव्या पाहुण्यांना मी फोनवरच वासाचं सांगते. ते ऐकून कोण येईल आणि कोण नाही, याचा अंदाज मला अजून बांधता येत नाही.