कोंडीरामाचे दात आणि ठकुबाईची किळस

ठकुबाईला किळस फार लवकर यायची. दुधात माशी दिसली की त्या दिवसापुरतं तिचं दूध बंद व्हायचं. कुणी खाकरलं तरी ती ताटावरून उठायची. तिचं माहेर कुरुळीचं. तिथं सकाळी बाभळीच्या कोवळ्या काडीनं दात घासल्याशिवाय चुलीजवळ यायचं नाही, असा वडिलांचा दंडक होता. सगळ्यांचेच दात पांढरे असतात आणि कुणाच्याच तोंडाला वास नसतो, असं तिला वाटत होतं. चाकणजवळच्या मेदनकरवाडीत लग्न होऊन आली आणि पहिल्याच सकाळी तिचा हा समज गेला.

ती उठली तीच खोकत. घरभर धूर झाला होता आणि मिरची भाजावी तसा घशात ठसका बसत होता. चुलीपाशी सासू, मंजुळाबाई, तव्यावर तंबाखू भाजत होती. तंबाखू काळीकुट्ट झाली तशी तिनं ती चुरली आणि बोटावर घेऊन उंबऱ्यात बसली. बराच वेळ ती दात घासत राहिली. काळी लाळ हनुवटीवरून ओघळत होती. मधूनमधून ती शेवग्याच्या बुंध्याशी पिंक टाकायची. तिथली माती तेलकट, काळी झाली होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या. मनसोक्त मिसरी लावून झाल्यावर मंजुळाबाईनं तोच तवा फडक्यानं पुसला आणि त्यावर भाकरी टाकली.

"आत्याबाई, ह्यो तवा भाकरीचा हाय न्हवं?" ठकुबाईनं विचारलं.

"मग? मिसरीला काय चांदीचा आणायचा व्हय?"

ठकुबाईनं भाकरीचा एक तुकडा मोडून तोंडात घातला. मग ती परसात गेली आणि तिथं तिला उलटी झाली. पुढच्याच बाजारातून तिनं मातीची खापरी आणली आणि मिसरी हिच्यावरच भाजायची, असं सासूला सांगून टाकलं. मंजुळाबाई पुष्कळ बडबडली, पण सून तव्याला हात लावू देईना, तेव्हा ऐकलं.

नवऱ्याचं काय करायचं, हे मात्र तिला कळत नव्हतं. कोंडीराम मनानं चांगला होता. चाकणच्या कांदा बाजारात तो हमाली करायचा. पोतं पाठीवर घेतलं की खालच्या ओठात तंबाखूचा बार असायचाच, सगळ्याच हमालांच्या असायचा. त्याचे दात वरून तपकिरी आणि हिरडीपाशी काळे झाले होते. खालच्या पुढच्या दातांच्या मागं कीटणाचा थर होता, विहिरीच्या पायरीवर शेवाळ सुकून चिकटावं तसा. तो हसायला लागला की ठकुबाई खाली बघायची. त्याला वाढून झालं की आपलं ताट घेऊन ती भिंतीकडं तोंड करून बसायची.

एकदा त्यानं विचारलंच. "माझ्या तोंडाची घाण वाटती व्हय तुला?"

"वाटती," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून कोंडीरामानं दात घासायला घेतले. आधी राख, मग ओढ्याची वाळू, मग विटेची भुकटी. बोटानं होईना तेव्हा काथ्याची चोयटी घेतली, भांडी घासायची. हिरड्या सोलून निघाल्या, रक्त यायला लागलं. दातांचा काळेपणा होता तिथंच राहिला. ठणका लागला की तो बधिर करायला पुन्हा तंबाखूच दाबायचा. रक्त आणि तंबाखू मिसळून जी थुंकी पडायची, ती बघून ठकुबाईनं त्याला हात जोडले आणि ते सगळं बंद करायला लावलं.

त्याच सुमारास पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहिला. आजूबाजूच्या गावांतली माणसं तिथं कामाला लागू लागली. महिन्याच्या महिन्याला पगार, पाठीवर ओझं नाही. कोंडीरामही गेला. एस.टी.नं नाशिक फाट्यापर्यंत आणि पुढं चालत. खोकी भरायच्या कामाला त्याला घेणार होते, पण आधी डॉक्टरांनी तपासलं. छाती चांगली, डोळे चांगले. मग त्यांनी तोंड उघडायला सांगितलं, बॅटरी मारली आणि चेहरा बाजूला फिरवला.

"इथं इंजेक्शनचं औषध बाटल्यांत भरतात," ते म्हणाले. "तंबाखू खाणारा, थुंकणारा माणूस आत चालणार नाही. ती सोडा, दात साफ करून घ्या आणि दिवाळीनंतर दाखवायला या."

डॉक्टर काही वावगं बोलले नव्हते. कोंडीरामाला बोलण्याचं काही वाटलं नाही, चेहरा फिरवण्याचं वाटलं. घरी एक माणूस तसंच करत होतं.

त्यानं तंबाखू खरोखरच सोडली. डोकं दुखायचं, रात्री झोप यायची नाही, पण सोडली. दात मात्र तसेच होते, आणि त्याला ते लवकर पांढरे हवे होते. त्याच्याबरोबर हमाली करणारा बन्सी म्हणाला, "भावा, आठवड्याच्या बाजारात एक दातवाला बसतो. काडी फिरवली की दात पांढरा. मी डोळ्यानं बघितलंय."

दातवाला भगवा फेटा बांधून बैलबाजाराच्या कडेला बसायचा. सतरंजीवर उपटलेल्या दातांचा ढीग घातलेला असे, काही दातांना अजून सुकलेलं मांस चिकटलेलं होतं. शेजारी एक पत्र्याची बादली आणि एक निळी बाटली. त्याचे स्वतःचे दात तांदळासारखे शुभ्र आणि एका रांगेत होते, आणि ते दाखवण्यासाठी तो सारखा हसत असे. कापूस गुंडाळलेली काडी त्यानं बाटलीत बुडवली आणि कोंडीरामाच्या दातांवरून फिरवली. फस्स करून फेस आला. ओठाला चटका बसला. कोंडीरामानं बादलीतल्या पाण्यानं चूळ भरली, बादलीतच थुंकला, आणि त्याच्यापुढं आरसा धरला गेला. दात पांढरे होते. मागच्या गिऱ्हाइकाला लावलेला कापूस आणि तेच पाणी आपल्या तोंडात गेलं, हे तेव्हा त्याच्या लक्षातही आलं नाही.

तो घरी आला आणि बायकोसमोर हसला. ठकुबाईनं पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ते दात तिला चुना मारलेल्या भिंतीसारखे वाटले, कोरडे, चकाकी नसलेले.

"काय लावलंत ह्याला?"

"बाजारातल्या दातवाल्याचं औषध."

"कसलं?"

ते त्याला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी गार पाण्याचा घोट घेतला आणि तो तांब्या टाकून भिंतीला धरून बसला. दुसऱ्या दिवशी ताप चढला, ओठ सुजले, हिरड्यांवर पांढरे फोड आले. ते फुटले आणि त्यांची साल लोंबायला लागली. जेवण जाईना. तोंडाला असा वास सुटला की मंजुळाबाईसुद्धा उठून बाहेर बसायला गेली. ठकुबाईनं नाकातोंडावर पदर बांधला, कोमट पाण्यात मीठ घालून त्याला गुळण्या करायला लावल्या, पेज गार करून चमच्यानं भरवली. गुळणीतून वाडग्यात कातडीचे तुकडे पडायचे. ती ते परसात नेऊन पुरायची, हात राखेनं धुवायची आणि तरी तो वास हाताला येतोय असं तिला वाटत राहायचं. आपल्या माणसाची दया येते आणि तरीही जवळ बसवत नाही, याचाही तिला राग येत होता.

ताप उतरल्यावर ती सासूला घेऊन बाजारात गेली. दातवाला जागेवर नव्हता. सतरंजीमागं उभ्या केलेल्या बैलगाडीच्या आडोशाला ती गेली आणि जागीच थांबली. बाजाराकडं पाठ करून, बादली शेजारी घेऊन तो पेरू खात बसला होता. दाणे अडकले म्हणून त्यानं दोन बोटं तोंडात घालून वरची सगळी दातांची रांग बाहेर काढली. मग खालची. कवळी होती. ज्या बादलीत गिऱ्हाइकं थुंकत होती त्याच बादलीत त्यानं ती खळखळून धुतली, झटकली आणि पुन्हा तोंडात बसवली.

या वेळी ठकुबाई तोंड फिरवून पळाली नाही. तो सतरंजीवर येऊन बसला, लोक जमले, एक पोरगेलासा शेतकरी तोंड उघडून पुढं झाला. तेव्हा ती म्हणाली, "आधी तुमच्या दाताला लावून दाखवा."

"माझे पांढरेच हायेत, बाई."

"मग हातावर लावा. न्हाईतर जिभंवर लावा. औषधच हाय न्हवं?"

तो हसत राहिला. ठकुबाईनं बाटली उचलली आणि तिच्यातलं थोडं जवळच्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ओतलं. फरशीवर फेस आला. जमलेली माणसं मागं सरकली. पुढं आलेल्या शेतकऱ्यानं तोंड मिटलं.

"ह्ये तेजाब हाय," गर्दीतला एक तांबट म्हणाला. "आमी भांड्याला लावतो त्ये."

"आणि ह्येंचे दात बी ह्येंचे न्हाईत," ठकुबाई म्हणाली. "आत्ता गाडीमागं काढून ह्याच बादलीत धुतले. ज्यात तुमी समदे थुकता."

तो आवराआवर करू लागला. माणसं पांगल्यावर तो तिच्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाला, "माझे ह्याच औषधानं गेले, बाई. धंदा शिकताना रोज लावायचो. दुसरं काय येत न्हाई मला."

"ठाऊक असून लावता," ती म्हणाली.

त्यानं बाटलीला बूच लावलं. मंजुळाबाईनं जाता जाता त्याच्या बादलीत मिसरीची पिंक टाकली. सासूच्या त्या एका पिंकेची ठकुबाईला किळस वाटली नाही.

चाकणच्या दवाखान्यात त्यांना पुण्याला जायला सांगितलं. पुण्यात दातांच्या डॉक्टर एक बाई होत्या, त्यांना सगळे कुसुमताई म्हणत. त्यांनी कोंडीरामाचं तोंड उघडलं आणि न कचरता आत बोटं घातली. ठकुबाई बघतच राहिली.

"वरचं पांढरं कवच विरघळलंय," त्या म्हणाल्या. "ते परत येत नाही. गार, आंबट झोंबेल. हिरड्या भरतील. मागचं कीटण मात्र हत्यारानं खरवडून निघतं, ते काढते."

कीटण निघालं ते तपकिरी खड्यांसारखं, ट्रेमध्ये टकटक पडत होतं. वास होता. ठकुबाई खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, पण कुसुमताईंचं बोलणं तिनं सगळं ऐकलं.

"वाळू, वीट, कोळसा, खरखरीत राख, काही लावायचं नाही. त्यानं दात झिजतो, डाग जात नाही. लिंबू नाही, तेजाब तर नाहीच. मऊ ब्रश आणलात तर उत्तम, नाहीतर बाभळीची काडी चावून मऊ करून घ्या. दुकानातली बारीक खडूची पावडर मिळते, ती लावा, हलक्या हातानं, रात्री झोपताना आणि सकाळी. जेवल्यावर चूळ. तंबाखू परत सुरू केली तर माझ्याकडं येऊ नका, पैसे फुकट जातील."

"पांढरे व्हतील?" कोंडीरामानं विचारलं.

"स्वच्छ होतील. माणसाचा दात थोडा पिवळसरच असतो. अगदी पांढरा म्हणाल तर तो कवळीचा."

दिवाळीनंतर कोंडीराम पुन्हा कारखान्यात गेला. ठकुबाई त्याच्याबरोबर गेली, कारण दातांत कळ आली की तो वाटेतूनच परत फिरेल अशी तिला भीती होती. जागा भरल्या होत्या. पुरुषांना नको म्हणाले, पण बाटल्या धुवायच्या खात्यात बायका हव्या होत्या. डॉक्टरांनी तिथं उभ्या असलेल्या ठकुबाईला विचारलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"जा की," कोंडीराम म्हणाला. "तुझ्याइतकं स्वच्छ त्यास्नी कोण मिळायचं हाय?"

तो हे मनापासून म्हणाला, आणि म्हणून तिला थोडं लागलं.

त्यांनी पिंपरी गावात खोली घेतली. कोंडीराम कामगारांच्या वसाहतीच्या बांधकामावर लागला. तंबाखू त्यानं पुन्हा धरली नाही. पुढचे दोन दात किडून काढावे लागले. बाकीचे पिवळसर, जागोजाग खडबडीत, पण स्वच्छ राहिले. थंडीत तो तोंडाला उपरणं गुंडाळून हिंडायचा. मंजुळाबाई मेदनकरवाडीतच राहिली आणि शेवटपर्यंत मिसरी लावत राहिली. मिसरी सोडा म्हणणारी ठकुबाई भेटायला आली की सासू खापरी लपवून ठेवायची, एवढाच फरक पडला.

कारखान्यात ठकुबाईचं काम सगळ्यांना आवडायचं. डाग राहिलेली बाटली तिच्या हातून पुढं जात नसे. जेवणाच्या सुट्टीत बायका तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसत, कारण कुणाच्या डब्यात, कुणाच्या नखात, कुणाच्या दातात काय आहे हे तिला दिसायचंच आणि ते तिच्या तोंडावर उमटायचं. तरी एकदा बीडकडून आलेली शालनबाई तोंडावर पदर धरून तिच्याजवळ आली. तिचे दात मिसरीनं काळे झाले होते आणि ती कुणाकडून तरी तेजाबाची बाटली आणणार होती.

ठकुबाईनं तिला कुसुमताईंचं सगळं सांगितलं. खडूची पावडर, मऊ काडी, हलका हात, खरवडून घ्यायला पुण्याला कुठं जायचं ते. मिसरी सोडल्याशिवाय यातलं काहीच करू नकोस, असंही सांगितलं. नवऱ्याच्या वाडग्यात काय पडत होतं तेही सांगितलं. शालनबाईचा चेहरा उतरला.

"समजलं का?" ठकुबाईनं विचारलं.

"समजलं बघा," म्हणत शालनबाईनं पदर काढला आणि ती आणखी जवळ सरकली.

"मग आता जरा लांब बस," ठकुबाई म्हणाली. "सांगायचं काम माझं. वास घ्यायचं न्हाई."