तिच्या गुडघ्याएवढं पाणी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुका जवळा निवडणं. ओट्यावर सूप मधे घेऊन बसलो होतो. ती काड्याकचरा काढत होती, मी काढल्यासारखं करत होतो. तेवढ्यात पालिकेकडून एक पोरगी आली. पनवेलात कुठल्या घरात पाणी शिरतं, पुन्हा शिरलं तर कोणाला आधी बाहेर काढायचं, हे ती घरोघर विचारत होती. आमच्या गल्लीच्या मागेच नदी. खाडीला उधाण असलं आणि वरून पाऊस कोसळला, की नदीचं पाणी पुढे सरत नाही, आमच्याकडे वळतं.

पोरीनं विचारलं, "आजी, या घराला धोका किती आहे?"

बायको म्हणाली, "धोका मानसं देतात, बाय. पानी सांगून येतं."

मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, असं पोरीनं विचारलं, तर मी म्हणालो छातीला. बायको म्हणाली कमरेला. वर पोरीला म्हणाली, यांचं पानी दर वर्साला वाढतं. मग पोरीनं तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि कमरेशी खडूनं रेघ मारली. म्हातारपणी वाकली होती. मी म्हटलं, नीट उभी राहा, नायतर पूर कमी लागेल.

मग निघायची वेळ आली तर जाणार कुठे, असं पोरीनं विचारलं. लेक कामोठ्याला, तिसऱ्या मजल्यावर. मी सरळ नाही म्हटलं. माझ्या बापानं लेकीच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही, आणि मी मुक्काम करू? बायको पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिली. मग पोरीला म्हणाली, "आनखी एक रेघ मार. माझ्या गुडघ्याला. तिथं पानी लागलं की यांनी लेकीकडं निघायचं."

"आनि तू?" मी विचारलं.

"मी फुडं गेलेली असेन. तुमची वाट बघत कोन बसतंय."

मी म्हटलं, मी नाय जायचो. पोरीनं तरी रेघ मारली. उद्या रंग घेऊन येते, पक्की करते, म्हणाली.

दुपारी जवळा-भाकरी खाऊन बायको जरा आडवी झाली. चहाला उठवायला गेलो तर उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली. एवढं पाण्याचं कौतुक सांगणारी, स्वतः मात्र न सांगता गेली. मला रागच आला तिचा.

पण गल्लीचे उपकार कसे फेडू? माझ्या हाताला काही लागू दिलं नाही. तिरडी त्यांनी बांधली, लेकीला त्यांनी आणलं, भाकऱ्या त्यांच्या घरून आल्या. कालवणाची वाटी दारोदार कशाला फिरवतेस, असं मी तिला जन्मभर बोललो. त्याच वाट्या भरून परत आल्या. ही माणसं तिनं जोडली, मी नव्हे. मी आयत्या पानावर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरगी रंगाचा डबा घेऊन आली. दारातल्या चपला आणि आत लावलेला दिवा बघून पाठी फिरली. मीच हाक मारली. रडायला लागली बिचारी. मी म्हटलं, रडू नको, तुझे लई उपकार आहेत. बायकोचा उभा फोटो नाही माझ्याकडे. लग्नातल्यातसुद्धा बसलेली आहे. तू तिला भिंतीशी उभी केलीस, म्हणून ती केवढी होती ते तरी घरात राहिलं.

कमरेची रेघ पोरीनं रंगवली. गुडघ्याच्या रेघेसाठी मी तिच्याकडून ब्रश मागून घेतला. भिंतीला धरून खाली बसलो आणि खडूवरून रंग ओढला. रेघ थोडी वाकडी गेली.

मग लेकीला हाक मारली. म्हटलं, परत जाशील तेव्हा माझी एक लुंगी कामोठ्याला नेऊन ठेव.