मामांनी हृदयाला दिलेला ताण

“हार्टनं गेले...” मामेभावानं फोनवर आधी हेच सांगितलं, “बाबा गेले” हे त्यानंतर. त्या वर्षांत नांदगाव खंडेश्वरकडे कुणी शेतकरी गेला, की ऐकणारा माणूस आवाज खाली आणून आधी “कशानं?” विचारायचा. म्हणून पोरानं खुलासा अगोदरच करून टाकला. ऐकून क्षणभर मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही. कारण मामांच्या त्या दुखण्यात माझं बोलणंही शिरलेलं होतं.

गुणवंतमामांची संत्र्याची बाग. तोंडानं इतके फटकळ, की व्यापारी त्यांच्याशी भाव करायला दोघं-तिघं मिळून यायचे. मी अकोल्यात जुन्या शहरात राहते, कॉलेजात शिकवते आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचं हृदय तपासते. त्यात रक्तवाहिन्या कशा फुटतात, कोणतं जनुक कधी जागं होतं, हे माझं काम. मामांना त्याचं भारी कौतुक. “आमची भाची अंडे फोडू फोडू डॉक्टर झाली,” असं गावभर सांगायचे.

राजापेठेतल्या डॉक्टरांनी बायपास करा म्हटलं, तेव्हा मामा थेट माझ्याकडे आले. “काय व, या नळ्या नव्या फुटतच नाही काय?” झालं! मी बया उत्साहानं समजावत बसले. प्रत्येक पेशीत जनुकं तीच, पण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. रक्त कमी पोचलं, प्राणवायू घटला, की पेशीतलं एक प्रथिन साचत जातं, रक्तवाहिन्यांची जनुकं चालू करतं, आणि बारीक नवे फाटे फुटू लागतात.

मामा ताठ बसले. “म्हणजे ताणच की! आमी बागेचं पाणी तोडतो, झाड सुकते, मंग पाणी देल्लं की फुलावर येते.”

“अगदी तसंच, मामा!” मी टाळी दिली. पुढे वर्गातही मी हेच उदाहरण द्यायचे... पोरांना फार आवडायचं. “फाटे फार बारीक असतात, ऑपरेशन करूनच घ्या,” असंही मी मामांना म्हणाले होते. म्हणाले होते, पण चहा गाळता गाळता.

नंतर एकदा त्यांचा फोन आला. “धुऱ्यावरून रोज चालून राहिलो. छाती भरली की बसतो, उतरलं की अजून चालतो. ताण देऊन राहिलो हृदयाले.” मला वाटलं, थट्टा करताहेत. मी खो खो हसले. तेव्हाच गाडी पकडून नांदगाव गाठायला हवं होतं... शेवटी शेताच्या बांधावर, त्याच धुऱ्यावर ते कोसळले.

मामा वारल्यावर मी नांदगावला गेले, तर बाग आंबिया बहाराच्या फुलासाठी ताणावर होती. पानं मलूल. मामी म्हणाली, “पाणी कवा सोडाचं, ते त्यायलेच समजे. आता तू सांग, बाई. तू त शिकेल आहेस.”

ताण अर्धाच झाला होता. एवढं मलाही कळतं. तरी म्हणाले, “सोडा, मामी. आत्ताच सोडा.”

“फूल कमी येईन.”

“येऊ द्या. मला नाही बघवत आता.”

मामीनं डोळ्यांना पदर लावला. “मलेई नाही पाहवत व,” म्हणाली, आणि मोटारीचं बटण दाबलं.