गर्दीतले अण्णा

आता मी टीव्ही लावते तो बघायला नव्हे. घरात कुणीतरी बडबडावं म्हणून. आई गेल्या वर्षी गेली. ती होती तोवर संध्याकाळी आम्ही दोघी मायलेकी मिळून मालिकेतल्या बायांना शिव्या घालायचो. "मेलीला अक्कल न्हाय," आई म्हणायची. "असती तर मालिका संपली नसती का कवाच?" मी म्हणायचे. आता एकटीनं शिव्या घालायला लागलं की आपल्यालाच वेड लागलंय की काय असं वाटतं, म्हणून गप्प भाजी निवडते. लग्न मी केलं नाही, भाऊ पुण्याला, आणि आमच्या अपार्टमेंटमधली माणसं लिफ्टमध्येसुद्धा मोबाईलशी बोलतात. कोल्हापुरात माणूस एकटा पडतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं.

लहानपणी आमचं गाव नदीकाठी, कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर. सिनेमावाल्यांना ते फार आवडायचं. घाट, वडाचं झाड, बैलगाड्या, सगळं फुकटात तयार. यात्रेचा देखावा असला की गावात निरोप यायचा, घरचा फेटा बांधून या, जेवण आमचं. निरोप आला की अख्खं गाव शेतातली कामं टाकून गर्दीत उभं राहायला पळायचं. त्यामुळं आमच्याकडं कुठलाही जुना तमाशापट लागला की गोष्ट कुणी बघायचंच नाही. हिरॉईन मरो नाहीतर जगो, सगळे मागच्या गर्दीत आपापले काके-मामे हुडकत बसायचे.

असाच एक सिनेमा आमच्या घरचा होता. आई लग्न होऊन आल्यावर, मी जन्मायच्या आधी आमच्याच घाटावर काढलेला. वडील, म्हणजे आमचे अण्णा, त्यात गर्दीत होते. मी चौथीत असताना शेजारच्यांकडं गावातला पहिला टीव्ही आला आणि एका रविवारी तोच सिनेमा लागला. यात्रेत नायक घोड्यावरून येतो आणि गर्दीतला एक फेटेवाला गडी दोन्ही हातांनी गुलाल उधळत, तोंड भरून हसतो. मी किंचाळले, "अण्णा! आमचं अण्णा!" सगळी पोरं उड्या मारायला लागली. कुणीतरी अण्णांना विचारलं, "व्हय वो, तुम्हीच काय?" अण्णा म्हणाले, "व्हय, मीच की."

झालं! त्या दिवसापासून मी गल्लीत भाव खाऊ लागले. तो सिनेमा पुन्हा कधी लागला की कुणीतरी पळत सांगायला यायचं, "चला चला, तुमचं अण्णा लागल्यात!" आम्ही ताटावरून उठून पळायचो. पापणी लवायच्या आत ते येऊन जायचे, पण मला तेवढं पुरायचं. कारण घरात अण्णा हसायचेच नाहीत. गुऱ्हाळावर राबून आलेला माणूस. जेवायचे, विडी ओढायचे, झोपायचे. रागवायचे नाहीत, पण हसायचेही नाहीत. हसणारे अण्णा फक्त टीव्हीत होते. मी कॉलेजात असताना ते गेले. मागं एक फोटो राहिला, त्यात मुसळ गिळल्यासारखे ताठ उभे. मग तो सिनेमा कुठं लागला की आई हाक मारायची, "ये गं लवकर, आलं बघ तुझं अण्णा." शेवटपर्यंत मारायची.

यंदा दिवाळीत भाचा आला आणि जुना टीव्ही भंगारात घालून नवा बसवून गेला. "आत्या, ह्यात पाहिजे तो सिनेमा शोधून लावता येतो, थांबवताही येतो," म्हणाला. तो गेल्यावर घर जास्तच मोकळं वाटायला लागलं. मी म्हटलं, चला, अण्णांना बोलवू. सिनेमा शोधला, यात्रा आली, गुलाल उडाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना थांबवलं. डोळे भरून बघायचं होतं हो मला, दुसरं काय!

बघितलं, आणि उठून टीव्हीजवळ गेले. त्या गड्यानं गुलालाचे हात वर केले होते. दोन्ही पंजे उघडे, दहाच्या दहा बोटं शाबूत. अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं लग्नाआधीच उसाच्या चरकात गेली होती. त्याच अर्धवट बोटांनी ते माझी वेणी घालायचे.

मग हा मेला कोण? आणि अण्णा कुठं आहेत? मी अख्खी यात्रा पुढं-मागं करून चाळली. फेटा न फेटा तपासला. अण्णा नव्हतेच. विचारायचं कुणाला? आई असती तर तिथल्या तिथं विचारलं असतं. पडद्याचा फोटो मोबाईलमध्ये काढला आणि सकाळी इचलकरंजीची एसटी धरली. तिथं आत्ती राहते, अण्णांची धाकटी बहीण, त्या पिढीतली उरलेली एकटीच. घराला लागूनच यंत्रमागाची शेड. जन्मभर तो खडखडाट ऐकून ती सगळ्यांशी ओरडूनच बोलते.

फोटो बघून ती खदखदून हसली. "आगं, ह्यो आमच्या तालमीतला पैलवान! तुझा बा कुठला?"

"मग अण्णा कुठं हाईत?"

"त्यो सिनेमात न्हाईच की. घोड्याला बघून गाडीचा बैल बुजला. दुसऱ्या कुणाला आवरंना. तुझा बा दिसभर वेसण धरून क्यामेऱ्याच्या मागं हुबा. नवा फेटा बांधून! थेटरात बघितला तवाच आमाला कळालं. लई हिरमुसलं हुतं बिचारं."

"मग टीव्हीवर बघताना व्हय कशाला म्हणाले?"

"तू नाचत हुतीस की गं. मी माहेरला आल्याली, त्यानं मला डोळ्यानं दटावलं, गप बस म्हणून."

"आणि आई?"

"तिला म्हाईत न्हवतं व्हय? थेटरात माझ्या शेजारीच बसल्याली. ती त्या टीव्हीकडं बघायचीच न्हाय. तुमी पोरं वरडला की ती मागं वळून त्येच्याकडं बघायची. आमी दोघीबी. दाराला टेकून हुबा असायचा, तुझ्याकडं बघून असा हसायचा, असा हसायचा…"

"कसा?" मी विचारलं. "आत्ती, कसे हसायचे?"

आत्तीनं तोंड उघडलं, करून दाखवायला गेली, जमेना. "आता कसं सांगू बाय," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हळू बोलताना ऐकलं. "हसायचा."

मला रडू आवरलं नाही. मी सगळ्यांच्या पुढं, टीव्हीला नाक लावून बसायचे. अण्णा माझ्या पाठीमागं हसत होते आणि मी त्या पैलवानाला बघून टाळ्या पिटत होते. एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाही.