आबांचं कोकरू आणि डुकरांचा विषाणू

त्या काळात मी पुण्याच्या एका दैनिकाला शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या बातम्या पाठवत असे. वडगाव रासाईत एका बाईंनी डुकरं पाळली होती. त्यांतली दोन तापाने मेली. नऊ धडधाकट राहिली. शेजारच्या आबांची मेंढरं शेडपासून शंभर पावलांवर बसत. रोग मेंढरांना लागेल या भीतीने आबांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला: शेड हलवा. बाईंकडे दुसरी जागा नव्हती. शेड हलवणं म्हणजे धंदा बंद करणं.

जनावरांचे डॉक्टर आले. सरपंचांनी शेडसमोरच बैठक भरवली. मी वही घेऊन कडेला बसलो.

"हा विषाणू डुकरांचाच," डॉक्टर म्हणाले. "डुकराच्या पेशीवर तिची स्वतःची प्रथिनं असतात. हा त्यांनाच चिकटतो. मग पेशी त्याला आपणहून आत ओढून घेते."

"डोळं न्हाईत का तिला?" आबांनी विचारलं.

"नाहीत, आबा."

"मंग आमच्या मेंढीवानीच की." आबा सरसावून बसले. "तिचं कोकरू मेलं, की त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराला बांधायचं. मेंढी हुंगती, आपलंच समजती आन् पाजती."

"बरोबर. तेच कोकरू म्हशीखाली सोडलं तर?"

"लाथ घालंल."

"का?"

"म्हशीला त्या वासाचं काय..." आबा मध्येच थांबले.

"आबा, म्हशीला जसं ते कोकरू परकं, तसा मेंढीला हा रोग. तुमच्याच तोंडानं निकाल लागला," बाई म्हणाल्या. लोक हसले.

आबांनी माघार घेतली नाही. "मी रोज हितं येऊन बघतो. भांडगावला पावण्याची डुकरं हायती, ती बी बघून येतो, ताप हाय का म्हणून. उगं अर्ज न्हाई दिला."

डॉक्टरांनी मान वर केली. "तिथून येऊन थेट या शेडमध्ये शिरता?"

"मंग काय, घरी जाऊन इसरू का?"

"आबा, मेंढरांना काही होणार नाही. पण तिकडं रोग असला, तर तुमच्या पायाला लागून तो या डुकरांपर्यंत येईल."

मग आबांनी आपल्या वहाणांकडे पाहिलं आणि सरपंचांना म्हणाले, "तेवढा अर्ज द्या माघारी."

बातमी चार ओळींत छापून आली: शेड जागेवरच राहणार. कोकराचा भाग मुख्य कार्यालयाने वगळला होता.

महिन्याभराने मी पुन्हा गेलो, तेव्हा शेडच्या दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं होतं. आबा त्यात एक पाय बुडवून उभे होते.

"दुसरा बी, आबा," बाई आतून म्हणाल्या.

"लग्नात बी येवढं पाय धुतलं नव्हतं कुणी," आबा म्हणाले, आणि दुसरा पाय घमेल्यात घातला.