घडी घातलेला आवाज

ध्वनिसंग्रहात जुन्या फिती साफ करणाऱ्या टेपकाकांच्या खोलीत दुपारसुद्धा पाय न वाजवता यायची. पडदे ओढलेले, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, गडी झोपलाय! पण जीव मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या कुणाच्यातरी बोलण्यात तरंगत असायचा.

तिथल्या मोठ्या बाई कुरकुरायच्या, "काका, डिस्क गळ्यापर्यंत भरलीय. साफ केलेली प्रत आहे ना, मग कच्ची पुसून टाका."

"बाई, चादर कपाटात मावत नाही म्हणून कुणी कापतं का? घडी घालायची! कच्ची प्रत फ्लॅक नावाच्या फाइलमध्ये ठेवली की जागा निम्म्यावर येते, आणि उलगडली की एक धागा कमी नाही."

"तुमच्या घड्यांखाली एक दिवस मीच सापडेन!"

अशात शिंपीणकाकूंनी एक फीत आणून दिली. शिंपीकाका जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांचा आवाज एवढ्या एकाच फितीत उरला होता. फीत इतकी जीर्ण, की एकदा वाजली आणि गुंडाळताना तिचे तुकडेच झाले. टेपकाकांनी तेवढ्यात आवाज डिस्कवर उतरवून घेतला होता म्हणून बरं. मग सुरुवातीच्या चार सेकंदांत कुणी बोलत नव्हतं, तेवढाच तुकडा खरखरीचा नमुना म्हणून धरला आणि तसली घरघर सगळीकडून झाडून काढली. आवाज कसा धुतल्यासारखा! स्वारी खूश.

काकूंनी हेडफोन लावला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "आवाज ह्यांचाच आहे हो. पण हे बसलेत कुठे?"

तेव्हा टेपकाकांच्या डोक्यात उजेड पडला. शिंपीकाका शिवता शिवता बोलत होते. ती घरघर म्हणजे शिलाई मशीन! चार सेकंद माणूस गप्प होता, त्याचे पाय थोडेच गप्प होते?

काकूंनी पिशवी उचलली. "असू दे. फीत तर तुटलीच."

"वहिनी, बसा हो जरा." काकांनी कच्च्या प्रतीची घडी उलगडली. कुठलीही कळ न फिरवता, जशीच्या तशी लावली.

घर्रर्र... घर्रर्र... आणि त्या लयीवर झुलत आलेला तो आवाज.

काकूंनी डोळे मिटले. टेबलाखाली त्यांची चप्पल मात्र मशीनच्या पायट्यावर असल्यासारखी वरखाली व्हायला लागली. दारात उभ्या मोठ्या बाईंनी ती बघितली, आणि आल्या पावली नवी डिस्क मागवायला गेल्या.